आडवाटेची ओढ: डमडमच्या तोफखान्यापासून माइल्ड हायब्रिडपर्यंत

कोलकात्याच्या उत्तरेस वसलेले डमडम आज मुख्यतः विमानतळासाठी ओळखले जाते, आणि इतिहासाच्या वाचकाला ते आठवते ते १८९० च्या दशकात तेथील शस्त्रागारात तयार झालेल्या व १८९९ च्या हेग परिषदेने निषिद्ध ठरवलेल्या लागताच पसरणाऱ्या गोळीमुळे. वाहनांच्या इतिहासात मात्र या गावाचे महत्त्व वेगळेच आहे. पूर्वेकडच्या खाऱ्या दलदलीला लागून असलेल्या, पावसाळ्यात पाऊल रुतेल अशा चिकणमातीच्या या प्रदेशात जड ओझे रस्त्याविना कसे ओढून न्यावे, हा प्रश्न सैन्यापुढे सतत उभा होता, आणि त्याचे उत्तर बैल, हत्ती, घोडा व शेवटी पेट्रोलवर चालणारी जीप असे बदलत गेले. आडवाटेच्या गाड्यांत, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ओढ पोहोचवणाऱ्या आणि डांबरी रस्ता सोडून चालण्यासाठी बांधलेल्या वाहनांत, पेट्रोलचे इंजिन टिकणार का, आणि छोट्या विद्युत मोटरीची जोड मिळाल्याने त्याचे आयुष्य वाढणार का, याची आज बरीच चर्चा होते. ती चर्चा बहुधा यंत्राच्या गुणदोषांपाशी थांबते. इतिहास पाहिला, तर निर्णायक ठरलेल्या गोष्टी निराळ्याच दिसतात: इंधन कुठवर पोहोचते, मोठा खरेदीदार कोण आहे, आणि सरकार कर कशावर किती लावते.

ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल तोफखान्याचे मुख्य ठाणे १७८३ पासून १८५३ मध्ये ते मेरठला हलेपर्यंत डमडमला होते. तोफ ओतणे हे त्या काळी कारागिरीचे काम होते, परंतु ओतलेली तोफ लढाईच्या जागी वेळेवर नेणे हे त्याहून अवघड काम होते, कारण मैदानी तोफेच्या गाड्यालाही बैलांच्या अनेक जोड्या लागत आणि वेढ्याच्या जड तोफांचे तर विचारायलाच नको. ओढ तुटली की तोफ निरुपयोगी होते, याचा सर्वांत ठसठशीत पुरावा महाराष्ट्राच्याच भूमीवर मिळतो. २३ सप्टेंबर १८०३ रोजी जालना जिल्ह्यातील असई येथे झालेल्या लढाईत कंपनीचा सेनापती आर्थर वेलस्ली याच्या सैन्यापाशी म्हैसूरच्या अमृतमहाल जातीचे नावाजलेले बैल होते. मात्र शिंदे आणि भोसल्यांच्या तोफांनी त्या बैलांवर व गोलंदाजांवर असा मारा केला की वेलस्लीला आपल्या तोफा मागे सोडून पायदळ पुढे घालावे लागले. ते सैन्य मद्रासकडचे होते, डमडमचे नव्हे, परंतु असईने दिलेला धडा कंपनीच्या प्रत्येक तोफखान्याला लागू पडणारा होता.

वेढ्याच्या जड तोफांसाठी पुढे हत्ती जुंपले गेले, आणि येथे एक व्यवस्था रूढ झाली, जी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार बोलकी आहे. हत्तीची ताकद प्रचंड आणि चिखलातील चाल खात्रीची असली, तरी तोफांचा भडिमार सुरू झाला की तो बिथरतो. म्हणून लांबची आणि चढाची वाट हत्तीने ओढायची आणि माऱ्याच्या टप्प्यात पोहोचल्यावर हत्ती सोडून बैल जुंपायचे, असा रिवाज पडला. एका ओझ्याला दोन प्रकारची ओढ लावणे आणि प्रत्येकीकडून ती ज्या प्रसंगी सरस असेल तेवढेच काम घेणे, हे तत्त्व हायब्रिड वाहनाच्या मुळाशी आहे, आणि ते बंगालच्या सैन्याला विजेच्या मोटरीच्या कितीतरी आधी ठाऊक होते. अर्थात हत्तीला लागणारा चारा आणि बैलांना लागणारे पाणी ही त्या व्यवस्थेची मर्यादा होती, आणि मोहिमांचे वेळापत्रक पुष्कळदा सेनापतीपेक्षा वैरणीनेच ठरवले.

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात लढणाऱ्या भारतीय सैन्याने फोर्डच्या हलक्या पेट्रोल गाड्या रसद वाहण्यासाठी वापरल्या, १९२६ मध्ये फोर्डची भारतीय कंपनी उभी राहिली, १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला, आणि १९३० च्या दशकात भारतातील तोफखाना हळूहळू मोटरींच्या मागे जोडला जाऊ लागला. तरीही या गाड्यांपैकी बहुतेकींची मागचीच दोन चाके ओढत, त्यामुळे बंगाल-आसामच्या पावसाळ्यात त्या रुतून बसत.

खरा पालट दुसऱ्या महायुद्धाने घडवला. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतल्यावर कोलकाता हे एका विशाल आघाडीचे पुरवठ्याचे दार झाले. बंदरात अमेरिकन जहाजे गाड्या उतरवू लागली, आणि डमडमचा विमानतळ ब्रिटिश व अमेरिकन हवाईदलांचा तळ बनला, जेथे जानेवारी १९४३ मध्ये रात्रीच्या जपानी हल्ल्यांना तोंड देण्यासाठी ब्रिटिश हवाईदलाची १७६ वी तुकडी उभारण्यात आली. विमान, ट्रक आणि जीप या तिघांनाही लागणारा पदार्थ एकच होता, पेट्रोल, जरी विमानाचे पेट्रोल अधिक वरच्या प्रतीचे असले तरी. कोलकात्याच्या दक्षिणेस बजबज येथील तेलाच्या धक्क्यापासून आसामातील तिनसुकियापर्यंत अमेरिकन अभियंत्यांनी सहा इंच व्यासाची नळवाहिनी टाकली आणि तेथून पुढे लेडो रस्त्याच्या कडेने ती चीनच्या दिशेने नेली. लेडोपासून कुनमिंगपर्यंतचा हा मार्ग सुमारे १,७३६ किलोमीटरचा होता आणि त्यावरून निघालेला पहिला काफिला ४ फेब्रुवारी १९४५ रोजी कुनमिंगला पोहोचला. चाऱ्याची जागा नळवाहिनीने घेतली होती. ती जेथवर गेली तेथवर पेट्रोलचे इंजिन गेले.

या काफिल्यांतील जीप नेमकी का यशस्वी ठरली, हे समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास उलगडत नाही. विलिस कंपनीच्या या गाडीचे इंजिन सुमारे २.२ लिटरचे आणि ६० अश्वशक्तीचे होते, म्हणजे आजच्या मापाने अगदी सामान्य. आडवाटेला अश्वशक्तीपेक्षा टॉर्क महत्त्वाचा असतो. टॉर्क म्हणजे इंजिनाचा दांडा फिरवण्याचा जोर, आणि तो इंजिन मंद फिरत असतानाच मिळायला हवा, कारण दगडावरून किंवा चिखलातून गाडी पावलाच्या गतीने न्यायची असते. पेट्रोलचे इंजिन या मंद फिरण्यातच दुबळे असते. जीपच्या रचनाकारांनी ही उणीव ट्रान्सफर केसने, म्हणजे मुख्य गिअरपेटीला जोडलेल्या दुसऱ्या छोट्या गिअरपेटीने, भरून काढली. ती पुढच्या चाकांनाही ओढ पोहोचवते आणि ‘लो’ टाकला की गाडीचा वेग निम्मा करून जोर जवळजवळ दुप्पट करते. इंजिन हलके असल्याने गाडीचे वजन टनाच्या आसपास राहिले, चारपाच सैनिक ती चिखलातून उचलून काढू शकत, आणि ती ग्लायडरमध्ये मावे. १९४४ मध्ये मोगाँग-मिच्चिना लोहमार्गावर आगगाडीचे इंजिन नव्हते, तेव्हा जीपलाच रुळांची चाके बसवून डबे ओढले गेले.

तिचे दोषही पेट्रोलचेच होते. कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करणारे भांडे, तीव्र उतारावर कलले की आतील तरंगता फ्लोट हलून इंजिन बंद पडे. उन्हाने नळीतच पेट्रोलची वाफ झाली की पुरवठा तुटे. नाल्यातून जाताना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरवर पाणी उडाले की गाडी मध्येच थांबे. ब्रिटिश सैन्याचे चार गॅलनचे पातळ पत्र्याचे डबे तर इतके गळत की वाटेत बरेच इंधन मातीत जाई. त्यापुढे जर्मनांची वीस लिटरची भक्कम कॅन ही मोठी सुधारणा ठरली, आणि तिचीच नक्कल पुढे सर्वांनी केली.

युद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्य परतले, पण त्याचा सरंजाम मागे राहिला. वर्धमानजवळच्या पानागढला जुन्या लष्करी गाड्या मोडून सुटे भाग विकण्याचा जो बाजार प्रसिद्ध आहे त्याची पार्श्वभूमी हीच, आणि कोलकात्याच्या मल्लिकबाजारात जुन्या गाड्यांचे भाग शोधणारा गिऱ्हाईकही त्याच परंपरेतला. परंतु जीप भारतीय झाली ती मुंबईत. युद्धकाळात अमेरिकेतील भारतीय पुरवठा मंडळावर काम केलेले के. सी. महिंद्रा आणि त्यांचे बंधू जे. सी. महिंद्रा यांच्या कंपनीने १९४७ मध्ये विलिसच्या ७५ गाड्या सुट्या भागांत आणवल्या, १९४९ मध्ये माझगावला जुळणी सुरू केली आणि पुढे कांदिवलीला कारखाना उभारला. सैन्य हा या गाडीचा मोठा आश्रयदाता होता. १० सप्टेंबर १९६५ रोजी असल उत्तरच्या लढाईत हवालदार अब्दुल हमीद यांनी पाकिस्तानी रणगाडे फोडले ते जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटरच्या तोफेने. जबलपूरच्या कारखान्यात निसानच्या परवान्याने बनलेली ‘जोंगा’ हीदेखील जवळजवळ चार लिटरच्या सहा सिलिंडरी पेट्रोल इंजिनाची गाडी होती, आणि तो कारखाना ज्या आयुध निर्माणी मंडळाच्या अखत्यारीत होता त्याचे मुख्यालय कोलकात्यात होते. डमडमची आयुध निर्माणीही त्याच कुटुंबातली. १९७१ मध्ये पूर्व आघाडीचा एक प्रमुख मार्ग डमडमवरून जाणारा जेसोर रस्ता होता. ज्या वाटेने निर्वासितांचे लोंढे कोलकात्याकडे आले, तिच्याच पलीकडच्या टोकाला ७ डिसेंबर रोजी जेसोर शहर भारतीय सैन्याच्या हाती आले.

यानंतर पेट्रोलची पीछेहाट सुरू झाली, आणि तिचे कारण रणांगणात किंवा चिखलात सापडत नाही, ते तेलाच्या भावात सापडते. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल हे श्रीमंतांचे इंधन मानून महाग ठेवले गेले आणि शेती व मालवाहतुकीसाठी डिझेल स्वस्त राखले गेले. महिंद्राने १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्युजो कंपनीकडून डिझेल इंजिनाचा परवाना घेतला, आणि त्यानंतर भारतीय खेड्यांतील जीप म्हणजे डिझेल जीप असे समीकरण रूढ झाले. डिझेल इंजिनात ठिणगीची गरज नसते. हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच इंधन पेट घेते. त्यामुळे पाण्यात विजेच्या तारा भिजण्याचे भय कमी, आणि मंद फिरतानाचा जोर अधिक. हे गुण खरे आहेत, पण ते १९४९ मध्येही खरेच होते. अमेरिकन सैन्यानेही १९८० च्या दशकात पेट्रोल जीपऐवजी डिझेलवर चालणारी हमवी घेतली. पश्चिम बंगालमध्येच मानेभंज्यांगहून सांदकफूला चढणाऱ्या, चहामळेवाल्यांच्या काळातील जुन्या लँड रोव्हर गाड्यांत हा पालट डोळ्यांनी पाहता येतो. सांगाडा १९५० च्या दशकातला आणि मूळचा पेट्रोलचा. पण त्यांपैकी अनेकींच्या बॉनेटखाली नंतर बसवलेले महिंद्राचे डिझेल इंजिन धडधडते. पर्यटकांना त्या वारसा वाटतात. चालवणाऱ्यांना त्या परवडाव्या लागतात.

या काळात पेट्रोलची बाजू एका गाडीने एकटीने राखली. डिसेंबर १९८५ मध्ये आलेल्या मारुती जिप्सीचे इंजिन प्रथम ९७० घनसेंटिमीटरचे होते, १९९६ मध्ये ते सुमारे १,३०० घनसेंटिमीटरचे झाले, आणि २००० मध्ये कार्ब्युरेटर जाऊन इंधन फवारणारी यंत्रणा आली, तेव्हा चढउतारावर दम तोडण्याचा जुना रोगही गेला. जिप्सीचे वजन हजार किलोंच्या आतले. ती हेलिकॉप्टरने उचलता येत असे, आणि लडाखच्या थंडीत, जेथे साध्या डिझेलमधील मेण गोठून नळ्या तुंबतात, ती चालू होई. लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत पातळ राहणारे डिझेल २०१९ मध्ये आले, यावरून त्याआधीच्या तीन दशकांत सैन्याने या छोट्या पेट्रोल गाडीवर इतका विश्वास का टाकला, हे कळते. २०१७ मध्ये सैन्याने तिच्या जागी ३,१९२ डिझेल सफारी स्टॉर्म मागवल्या, आणि प्रदूषणाचे व सुरक्षेचे नवे नियम समोर दिसत असताना जिप्सीचे नागरी उत्पादन थांबले. तिला चिखलाने किंवा बर्फाने हरवले, असे कोणी म्हणू शकणार नाही.

पेट्रोल परतले तेही याच प्रकारे, बाहेरच्या कारणांनी. जून २०१० मध्ये पेट्रोलचे आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे भाव सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले आणि दोहोंतील तफावत घटली. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात २,००० घनसेंटिमीटर व त्यावरील डिझेल गाड्यांच्या नोंदणीवर बंदी घातली, तेव्हा महिंद्राला १.९९ लिटरचे इंजिन तयार करून विक्री चालू ठेवावी लागली. ऑगस्ट २०१६ मध्ये ती बंदी उठली. त्यानंतर १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ नियमांनी डिझेल इंजिनाला काजळी अडवणारी गाळणी सक्तीची केली आणि ते महाग झाले. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला आलेल्या महिंद्राच्या नव्या थारमध्ये डिझेलबरोबर २ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिनही होते. टर्बो म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोराने पंखा फिरवून आत अधिक हवा दाबणारे यंत्र, आणि त्याच्यामुळे पेट्रोलचा मंद फिरण्यातील दुबळेपणा बराच कमी होतो. जून २०२३ मध्ये मारुतीची पाच दारांची जिम्नी आली, केवळ पेट्रोलवर. तिची भारतात बनलेली आवृत्ती जानेवारी २०२५ मध्ये जपानमध्ये जाहीर झाली, आणि काही दिवसांतच सुमारे ५०,००० मागण्या नोंदल्या गेल्याने नोंदणी थांबवावी लागली. याच जिम्नीला युरोपात कार्बन उत्सर्जनाच्या मर्यादेमुळे प्रवासी गाडी म्हणून माघार घ्यावी लागली होती. चिखलातील तिचे सामर्थ्य दोन्हीकडे तेच होते. फरक होता तो नियमांचा.

आता माइल्ड हायब्रिड. या रचनेत इंजिनाच्या पट्ट्याला एक छोटी मोटर जोडलेली असते, जी सेल्फ स्टार्टरचेही काम करते आणि अल्टरनेटरचेही. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा ती विजेत बदलून लहान लिथियम बॅटरीत साठवते आणि गाडी हलवताना परत देते. मात्र केवळ तिच्या बळावर गाडी चालत नाही. चढावर बैलगाडीला मागून खांदा देणाऱ्या गड्याइतकेच तिचे काम आहे, पण आडवाटेला नेमकी हीच मदत हवी असते, कारण विद्युत मोटर शून्यातून निघतानाच पूर्ण जोर देते आणि पेट्रोल इंजिन तेथेच अडखळते. यातील अधिक समर्थ प्रकार ४८ व्होल्टचा असतो. ६० व्होल्टच्या खाली असल्याने त्याला मोठ्या विद्युत गाड्यांसारखे उच्च दाबाचे संरक्षक कवच लागत नाही, ही रानात दुरुस्ती करणाऱ्याच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे. अमेरिकेत जीप रँग्लरने २०१८ पासून अशी जोड दिली, आणि नव्या लँड रोव्हर डिफेंडरच्या सहा सिलिंडरी पेट्रोल इंजिनालाही ती आहे.

भारतात या तंत्राची वाटचाल खडतर झाली. महिंद्राने २००८ च्या सुमारास स्कॉर्पिओ आणि बोलेरोत थांबल्यावर इंजिन आपोआप बंद करणारी ‘मायक्रो हायब्रिड’ यंत्रणा आणली आणि २०१६ मध्ये स्कॉर्पिओत एक पायरी वरची जोड दिली. १ एप्रिल २०१७ पासून माइल्ड हायब्रिड डिझेलचे सरकारी अनुदान बंद झाले, आणि जुलैपासून वस्तू व सेवा करात हायब्रिडवर उपकरासह ४३ टक्के कर बसला. २०२२ च्या ग्रँड विटारात माइल्ड हायब्रिड पेट्रोल इंजिन आणि चारही चाकांची ओढ एकत्र मिळाली खरी, परंतु तिला ‘लो’ची गिअरपेटी नाही. जून २०२५ मध्ये फॉर्च्युनरला ४८ व्होल्टची जोड मिळाली, तीही डिझेलला. ‘लो’ची गिअरपेटी, हलके पेट्रोल इंजिन आणि ही छोटी मोटर अशी स्वाभाविक त्रयी परवडणाऱ्या भावात भारतीय गिऱ्हाइकाला मिळालेली नाही.

शंका घेण्यास जागा आहेच. पट्ट्यावर बसणारी मोटर चिखलात आणि खोल पाण्यात किती वर्षे टिकेल, आणि तालुक्याच्या गॅरेजमध्ये ती कोण दुरुस्त करील, हे प्रश्न वाजवी आहेत. मिश्र इंधनाचा प्रश्नही आहे. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते, ज्याचा काही वाटा महाराष्ट्राच्या साखर पट्ट्यातून येतो. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते, ते हवेतील ओलावा शोषते, आणि जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांचे रबरी भाग त्याने खराब होतात. परंतु आडवाटेच्या पूर्ण विद्युत गाडीपुढे याहून मोठा अडथळा उभा आहे, आणि तो डमडमच्या तोफखान्याला ओळखीचा वाटला असता: चारा जेथे पोहोचत नाही तेथे जनावर जात नाही. पेट्रोलचा डबा पाठीवर नेता येतो, चार्जिंगचे केंद्र नेता येत नाही. म्हणून पुढील काही दशके दुर्गम भागात काम करणाऱ्या वनखात्याला, आरोग्यसेवेला आणि सैन्याला हलके पेट्रोल इंजिन आणि त्याला सौम्य विद्युत जोड हाच सर्वांत समंजस मार्ग आहे.

तो मार्ग अडवून ठेवला आहे तो कराच्या एका रेषेने. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतील पेट्रोल आणि पेट्रोल हायब्रिड गाडीला १८ टक्के कर लागतो तो इंजिन १,२०० घनसेंटिमीटरपर्यंत असेल तरच. डिझेलला हीच मर्यादा १,५०० आहे. थार आणि जिम्नी या दोन्हींची लांबी ३,९८५ मिलिमीटर आहे. तरी १,४९७ घनसेंटिमीटरच्या डिझेल थारवर, जिची फक्त मागची दोन चाके ओढतात, १८ टक्के कर आहे आणि १,४६२ घनसेंटिमीटरच्या, चारही चाकांनी ओढणाऱ्या पेट्रोल जिम्नीवर ४० टक्के. पेट्रोलची मर्यादा डिझेलइतकी, म्हणजे १,५०० घनसेंटिमीटर, केली पाहिजे, आणि ती विद्युत जोड असलेल्या गाड्यांसाठी तरी आधी केली पाहिजे.